दापोलीचे पेन्शनर

मराठींत लष्करी पेशाच्या माणसांनीं लिहिलेल्या आठवणी शोधूं लागल्यास निराशाच पदरीं येते. बखरी कारकुनांनीं लिहिल्या, कैफियती वतनदारांनीं लिहविल्या, पोवाडे शाहिरांनीं रचले; ज्यानें प्रत्यक्ष भाला उचलला किंवा बंदुकीचा चाप ओढला त्याचा आवाज या सर्वांत क्वचितच ऐकूं येतो. उत्तर हिंदुस्थानांतील सीताराम सुभेदाराच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें आत्मवृत्त इंग्रजी भाषांतराच्या रूपानें आपल्यापर्यंत पोंचलें आहे. परंतु त्याच्या अस्सलपणाबद्दलही विद्वानांचें एकमत नाहीं. सामान्य शिपाई लिहीत नसे, कारण बहुधा त्याला लिहितां येत नसे. आणि ज्याला येत असे त्याला आपलें आयुष्य लिहून ठेवण्याजोगें आहे असें वाटत नसे.

या नियमाला एक विलक्षण अपवाद कोंकणांत सांपडतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दापोली येथें राहणाऱ्या महार जातीच्या निवृत्त शिपायांनीं व अंमलदारांनीं आपल्या नोकरीच्या वर्षांकडे मागें वळून पाहिलें. पण तें ग्रंथ लिहिण्यासाठीं नव्हे, तर सरकारास अर्ज करण्यासाठीं. आपण कोठें लढलों, आपले बाप व आजे कोणत्या पलटणींत होते, कोणास कोणता हुद्दा मिळाला, हें सारें त्यांना आठवावें लागलें, कारण त्यांच्या मुलांना पलटणीचा दरवाजा बंद झाला होता. आठवण हा त्यांच्या दृष्टीनें सायंकाळच्या गप्पांचा विषय राहिला नाहीं. ती साक्ष झाली. पेन्शनर म्हातारा अंगणांत बसून नातवंडांस लढाईच्या गोष्टी सांगतो हें चित्र आपल्या परिचयाचें आहे. त्या गोष्टी वरिष्ठांपुढें मांडून त्यांच्या बळावर नातवासाठीं शिपायाची जागा मागावी लागते, हें चित्र तितकेसें परिचयाचें नाहीं. म्हणून त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

मुंबई इलाख्याच्या सैन्यांत महार शिपाई अठराव्या शतकापासून होते. त्या सैन्याची घडण बंगालच्या सैन्याहून निराळी होती. बंगालच्या पायदळांत अयोध्या व बिहार या प्रांतांतील ब्राह्मण व रजपूत यांचा भरणा असे व त्यांच्या सोंवळ्याओंवळ्याचे लाड कंपनी सरकार मुकाट्यानें पुरवीत असे. मुंबईच्या पलटणींत मात्र मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल व परदेशी हे एका रांगेंत उभे राहत. गांवांत महाराचें काम काय होतें तें वाचकांस ठाऊकच आहे: वेस राखणें, शींव दाखविणें, सांगावा पोंचविणें, सरकारी रकमेबरोबर जाणें, मेलेलें जनावर ओढून नेणें. यांतील शेवटचें काम वगळलें तर बाकीचीं सारीं कामें विश्वासाचीं व बरींचशीं जिवावरचीं होतीं. शिवकालीं किल्ल्यांच्या राखणीस महार असत तेही याच परंपरेनें. कंपनीच्या पलटणींत शिरलेल्या माणसाला नवीन असें जें मिळालें तें शौर्य नव्हे. नवीन मिळाला तो नक्त पगार, अंगावरचा गणवेष आणि हुद्दा. गांवांत जन्मानें ठरलेली पायरी येथें, कांहीं अंशीं तरी, चाकरीच्या वर्षांनीं ठरूं लागली.

कोरेगांवचा उल्लेख येथें टाळतां येणार नाहीं, टाळूंही नये. १८१८ च्या १ जानेवारीस भीमेच्या कांठीं कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालची सुमारें पांचशें पायदळाची पलटण, कांहीं घोडेस्वार व मद्रासच्या तोफखान्याचे मूठभर गोलंदाज यांची दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशीं गांठ पडली. शिरूरहून रात्रभर चालून आलेल्या त्या लोकांनीं गांवाचा आश्रय घेतला आणि दिवसभर, पाण्याचा थेंबही मिळण्याची मारामार असतां, गांव लढविला. पेशव्यांकडून हल्ला करणाऱ्यांत अरब होते, गोसावी होते. रात्रीं पेशव्यांची फौज निघून गेली आणि स्टाँटन आपल्या जखमी माणसांसह शिरूरला परतला. पुढें तेथें कंपनीनें स्तंभ उभारला व त्यावर पडलेल्यांचीं नांवें कोरलीं. ‘नाक’ हें महारांच्या नांवाचें शेवटचें अक्षरयुग्म त्या यादींत वारंवार येतें. त्याच दगडावर मराठ्यांचींही नांवें आहेत.

या लढाईविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मनांत एक अवघडलेपणा असतो. पेशवाई बुडाली त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशींचा हा प्रसंग, आणि त्यांत मराठी भाषा बोलणारे शिपाई परक्यांच्या बाजूनें लढलेले. मग त्याचा अभिमान कोणीं व कसा बाळगावा? माझ्या मतें हा प्रश्न १८१८ सालच्या शिपायाला विचारणें गैर आहे. त्या काळीं चाकरी हा पेशा होता, आणि ज्याचें मीठ खावें त्याच्यासाठीं लढावें हा त्या पेशाचा धर्म. पेशव्यांच्या पदरचा अरब कांहीं महाराष्ट्राच्या प्रेमानें लढत नव्हता, आणि शिंदे-होळकरांच्या कवायती फौजेंतले फिरंगी अंमलदारही. पण जो समाज आपल्या गांवांत विहिरीवर चढूं शकत नव्हता, त्यानें आपल्या पूर्वजांचें नांव दगडावर कोरलेलें पाहिल्यावर त्याला काय वाटलें असेल, हें समजण्यास फारशी कल्पनाशक्ति लागत नाहीं. लढाईला जातीजातींच्या युद्धाचें स्वरूप देणें जितकें इतिहासाला सोडून आहे, तितकेंच त्या नांवांचा अर्थ नाकारणेंही.

आतां दापोलीकडे वळूं. पेशवाईच्या अखेरीबरोबर इंग्रजांनीं दक्षिण कोंकणांतील आपली छावणी येथें घातली. समुद्रापासून दोनतीन कोसांवर, उंचीवरची, थंड हवेची जागा. पुढें कवायती पलटण उठली, तरी वयस्क शिपायांची एक पलटण येथें कांहीं वर्षें होती. तीही गेल्यावर गांवाला ‘कँप’ हें नांव राहिलें आणि पेन्शनर राहिले. रत्नागिरी जिल्ह्यांतून सैन्यांत फार मोठी भरती होत असे, आणि त्यांतील पुष्कळ महार शिपाई नोकरी संपल्यावर आपल्या मूळ गांवीं न जातां दापोलीस येऊन राहत. कारण उघड आहे. ज्यानें वीस-पंचवीस वर्षें पलटणींत हुकूम दिला व पाळला, जो काबूल-कंदाहारकडे किंवा समुद्रापलीकडे जाऊन आला, त्यानें गांवीं परतून पुन्हा पाटलाच्या दारीं जोहार घालीत उभें राहणें म्हणजे सारी नोकरी पुसून टाकणेंच होतें. दापोलीच्या वस्तींत त्याला निदान ‘हवालदार’ किंवा ‘सुभेदार’ अशी हांक मारणारीं माणसें होतीं.

या वस्तींतील लोकांजवळ आणखी एक धन होतें, तें शिक्षणाचें. लष्करी छावण्यांतून शिपायांसाठीं व त्यांच्या मुलांमुलींसाठीं शाळा असत, आणि बाहेरच्या जगांत ज्या जातीला शाळेची पायरी चढण्याची सोय नव्हती, तिचीं मुलें येथें लिहावाचावयास शिकत. महूच्या छावणींत अखेरचीं वर्षें काढलेले रामजी मालोजी सकपाळ हे अशाच शिक्षणाचें फळ होते. ते स्वतः लष्करी शाळेंत चौदा वर्षें मुख्याध्यापक होते व सुभेदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यांचे वडील सैन्यांत, सासरे सुभेदार-मेजर. घराण्याची सारी प्रतिष्ठा पलटणीची. निवृत्तीनंतर कांहीं काळ त्यांनींही दापोलीस बिऱ्हाड केलें. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव तेव्हां लहान होता.

नेमकें याच सुमारास दापोलीच्या पेन्शनरांपुढें दोन संकटें उभीं राहिलीं. पहिलें शाळेचें. १८९२ च्या सुमारास त्यांनीं आपल्या मुलांस गांवच्या शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून मागणी केली, आणि बरीच लिखापढी होऊन जी तडजोड निघाली ती अशी कीं मुलांनीं वर्गांत न बसतां बाहेर पडवींत बसावें. बाप छावणीच्या शाळेंत वर्गांत बसून शिकला, मुलगा पडवींत! ज्या दापोली तालुक्यांतील मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनीं त्याच दशकांत विधवांच्या शिक्षणाचें काम आरंभिलें, त्याच तालुक्यांतील ही गोष्ट आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्या सुधारणेची गति किती वांकडीतिकडी होती तें कळतें.

दुसरें संकट भरतीचें. १८५७ च्या बंडानंतर सरकारनें सैन्याची घडी बदलली. १८८५ पासून १८९३ पर्यंत सरसेनापति असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळांत ‘लढाऊ जाती’ची कल्पना बळावली: पठाण, शीख, गुरखा हे जन्मानें लढवय्ये, आणि मद्रास व मुंबईकडील लोक दीर्घकाळच्या शांततेनें मऊ पडलेले. शिवाय पलटणी जातवार बनवावयाच्या ठरल्या. आणि जातवार पलटण म्हटली कीं महार सुभेदाराच्या हुकमतींत वरच्या जातीचा शिपाई कसा राहील, हा प्रश्न आलाच. १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबविण्याचें धोरण ठरलें. १८९५ सालीं इलाख्यांचीं स्वतंत्र सैन्येंच मोडून एक हिंदी सैन्य झालें, तेव्हां मुंबईच्या जुन्या सैन्याची ती सरमिसळ परंपराही संपली. इंग्रजांच्या राज्यानें जातिभेद मोडला असें आपल्याकडील कांहीं मंडळी मोठ्या आवाजांत सांगत असत. येथें त्यानें तो नव्यानें बांधला, आणि तोही ज्या एका ठिकाणीं तो थोडा सैल झाला होता तेथें.

या प्रसंगीं पुढें आले ते गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ १८८६ सालीं हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीस राहिले होते. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला होता. ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांत ते लिहीत. १८८८ सालीं त्यांनीं ‘विटाळ विध्वंसन’ नांवाचें पुस्तक प्रसिद्ध करून अस्पृश्यतेबद्दल उच्च वर्णीयांस प्रश्न विचारले. तलवार म्यान केल्यावर लेखणी उपसणारे शिपाई आपल्याकडे थोडे. त्यांत यांचा नंबर बराच वरचा लागेल. त्यांच्या मंडळाचें नांव ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’, आणि या मंडळीच्या वतीनें भरतीबद्दलचा अर्ज १८९४ सालीं सिद्ध झाला.

या अर्जांत पेन्शनरांनीं आपल्या समाजाच्या नोकरीचा इतिहास मांडला. पण तेवढ्यावर न थांबतां, महार हे मूळचे क्षत्रिय असून दुर्गादेवीच्या दुष्काळांत अन्नासाठीं नाही नाही तें खाण्याची पाळी आल्यामुळें खालच्या स्थितीस पोंचले, असाही दावा त्यांनीं केला. वलंगकरांच्या इतर लेखनाशीं हा दावा ताडून पाहिला तर वाचक बुचकळ्यांत पडतो. जो मनुष्य फुल्यांचा अनुयायी, ज्यानें मंडळीच्या नांवांतच ‘अनार्य’ हा शब्द मिरविला, तो आर्यांच्या वर्णव्यवस्थेंतील क्षत्रियपण कशास मागतो? कित्येक अभ्यासक यांत विसंगति पाहतात. मला यांत विसंगतीपेक्षां अर्जाचा धर्म अधिक दिसतो. अर्ज ज्याच्याकडे करावयाचा त्याच्या भाषेंत तो लिहावा लागतो. लष्करी खात्यानें पराक्रमाचें माप चाकरीवरून काढून कुळावर नेलें होतें. तेव्हां अर्जदारांनींही कूळ पुढें केलें. खरें दुःख येथेंच आहे. पंचवीस वर्षांची नोकरी, जखमा, हुद्दा, चांगल्या वर्तणुकीचे दाखले हें सर्व जवळ असतां म्हाताऱ्या शिपायाला आपला लढाऊपणा सिद्ध करण्यासाठीं चौदाव्या शतकांतील दुष्काळापर्यंत मागें जावें लागलें. स्वतःला आठवतें तें पुरेना, म्हणून कोणालाच न आठवणारें सांगावें लागलें.

भरती कांहीं सुरू झाली नाहीं. रामजी सुभेदारांनींही या प्रश्नावर खटपट केली व त्या कामीं न्यायमूर्ति रानड्यांचें साहाय्य घेतलें असें चरित्रकार लिहितात. वलंगकरांस १८९५ सालीं महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमण्यांत आलें, तेव्हां त्यांच्याबरोबर बसावें लागणार म्हणून इतर सभासदांत मोठी खळबळ उडाली. १९०० सालीं ते वारले. सरकारनें त्यांना बोर्डांत बसविलें, पण त्यांच्या मुलानातवांस पलटणींत घेतलें नाहीं.

पेन्शनराच्या घरांत या सर्वांचा काय परिणाम होत असे, याचें दर्शन आपल्याला बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनांत घडतें. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत त्यांनीं वडिलांची आठवण दिली आहे. रामजी कबीरपंथी, तरी मुलांकडून रामायण-महाभारत नेमानें वाचून घेत. मुलानें कारण विचारलें तेव्हां त्यांनीं द्रोण-कर्णांकडे बोट दाखविलें: लहान स्थितींतून हीं माणसें कोठवर चढलीं पहा. पलटणींत एक एक हुद्दा चढत सुभेदार झालेल्या माणसाला त्या अवाढव्य ग्रंथांतून नेमका सूतपुत्र कर्ण दिसावा, यांत नवल नाहीं.

दुसरी आठवण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांतली. साल १९०१. रामजी तेव्हां खटाव तालुक्यांत दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुलें साताऱ्याहून त्यांच्याकडे सुटीसाठीं निघालीं होतीं. अंगांत नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, खिशांत वडिलांनीं पाठविलेले पैसे. मसूर स्टेशनावर न्यावयास कोणी आलें नाहीं. स्टेशनमास्तरानें आपुलकीनें चौकशी केली आणि जात कळतांच तो मागें सरला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही गाडी हांकीनात. शेवटीं गाडी मुलांनीं हांकावी व गाडीवानानें पायीं चालावें असें ठरलें. जवळ खावयास होतें, पण रात्रभर पाणी मिळालें नाहीं. पोशाख आणि पैसा हीं सुभेदाराच्या पेन्शनीनें दिलेलीं होतीं, आणि मुलांची जात कळेपर्यंतच त्यांचा उपयोग झाला. बाबासाहेब या हकीकतीच्या आरंभीं, कंपनीच्या राज्याच्या सुरुवातीपासून आपले पूर्वज लष्करांत होते हें आवर्जून सांगतात. त्या एका वाक्याशेजारीं ही रात्र ठेवून वाचावी.

दापोलीनंतर अर्जाची परंपरा पुण्यास आली. शिवराम जानबा कांबळे हे स्वतः शिपाई नव्हते. पण १९०३ सालीं सासवडला ५१ गांवच्या महारांची सभा भरविणाऱ्या या कार्यकर्त्यानें लष्कराचा प्रश्न सोडला नाहीं. १९१० सालीं भारतमंत्री लॉर्ड क्रू यांस जो अर्ज गेला त्यांत, आम्ही मोठे राजकीय हक्क मागत नाहीं, पोलीस शिपायाची व पलटणींतील शिपायाची जागा तेवढी मागतों, असा मजकूर होता. वलंगकरांच्या अर्जाशेजारीं हा ठेवला म्हणजे सोळा वर्षांत सूर किती बदलला तें दिसतें. कुळाचा दाखला मागें पडूं लागला होता. साम्राज्याच्या प्रजाजनास समान वागणूक हवी, हें म्हणणें पुढें येत होतें. याच कांबळ्यांनीं पुढें कोरेगांवच्या स्तंभापाशीं सभा भरविण्याचा प्रघात पाडला.

पहिल्या महायुद्धानें दरवाजा किलकिला झाला. माणसें हवीं होतीं. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारण्यांत आली. युद्ध संपलें, गरज संपली, आणि १९२१ मध्यें ती मोडली. ज्यांनीं बापाच्या तोंडून जुन्या भरतीबंदीची गोष्ट ऐकली होती, त्यांना ती स्वतःच्या आयुष्यांत दुसऱ्यांदां पाहावी लागली.

१९२७ च्या १ जानेवारीस बाबासाहेब कोरेगांवच्या स्तंभापाशीं आले, आणि त्याच वर्षाच्या मार्चमध्यें महाडला परिषद भरली. महाड हें वलंगकरांच्या रावढळाजवळचें. भोवतालचा मुलूख पेन्शनरांचा. अध्यक्षस्थानावरून केलेल्या भाषणांत बाबासाहेबांनीं या भागाचें पूर्वींचें वैभव लष्करी नोकरीमुळें कसें होतें व भरती बंद झाल्यानें तें कसें लयास गेलें, याचें विवेचन केलें. आणि ज्या सरकारनें महारांच्या बळावर राज्य मिळविलें त्याच्या कृतघ्नपणाबद्दल कडक शब्द वापरले. पेन्शनरांच्या अर्जांत जी आठवण हात जोडून उभी होती ती येथें जाब विचारूं लागली. ‘आम्ही आपली चाकरी केली’ हेंच वाक्य, पण बोलणाराची मान ताठ. दुसऱ्या दिवशीं ते लोक चवदार तळ्यावर गेले. १९३० च्या नोव्हेंबरांत लंडनला गोलमेज परिषदेंत त्यांनीं इंग्रजांना विचारलें कीं तुमच्या राज्यांत आम्हांस लष्कर व पोलीस हीं खातीं मोकळीं आहेत काय. आणि उत्तर त्यांनींच दिलें, कीं नाहींत. विचारणारा सुभेदाराचा मुलगा होता.

दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर मात्र सरकारला पुन्हा माणसांची निकड लागली. १९४१ च्या जुलैंत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, आणि त्याच वर्षीं १ ऑक्टोबरला बेळगांवीं महार रेजिमेंट उभी राहिली. या वेळीं ती मोडली गेली नाहीं. स्वतंत्र भारताच्या सैन्यांत ती कायम झाली, पुढें सर्व जातींना व प्रांतांना खुली झाली, आणि जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापति तिच्यांतून आले. तिच्या टोपीवरील चिन्हांत प्रथम कोरेगांवचा स्तंभ होता. नंतर तो काढून त्या जागीं खंजीर घालण्यांत आला. भीमेच्या कांठचा दगडी स्तंभ होता तेथेंच आहे, आणि दर १ जानेवारीला तेथें जमणाऱ्या लोकांत जुने गणवेष घालून, छातीवर पदकें लावून आलेले निवृत्त शिपाई असतात.